दुसऱ्याची गोधडी, आपले टाके

ज्या कामाला स्वतंत्र नाव नसते, त्याला सहसा रास्त दामही मिळत नाही. शिंपी, रफूगर, पिंजारी, गादीवाला ही नावे आपल्या भाषेत आहेत. त्या प्रत्येक नावामागे एक धंदा, त्याचा दर आणि त्याची थोडीफार प्रतिष्ठा उभी आहे. परंतु दुसऱ्याने आणून दिलेली जुनी लुगडी, किंवा दुसऱ्याने जोडून अर्धवट सोडलेले तुकडे घेऊन, स्वतःच्या घरात बसून त्यांची गोधडी पुरी करून देणाऱ्या स्त्रीला मराठीत नाव नाही. 'त्या गोधड्या शिवून देतात' एवढाच तिचा परिचय. ह्या 'देतात' मध्येच सारे आले. शिंपी कपडे शिवतो आणि त्याचे पैसे घेतो; ही बाई शिवून 'देते'. देणे हा उपकार असतो, आणि उपकाराचे मोल विचारणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही. तेव्हा तिच्या मजुरीचा प्रश्न सुटणे दूरच राहिले, तो उपस्थितच होत नाही.

हा प्रश्न शिवडीच्या संदर्भात मांडावा, ह्याला कारण आहे. मुंबईचा कापूस एके काळी कुलाब्याला उतरत असे. १९२० च्या दशकात तो बाजार शिवडीलगतच्या भरावाच्या जमिनीवर आला आणि कॉटन ग्रीन हे नाव त्याच्याबरोबर इकडे आले. इथल्या गोदामांत गठ्ठे रचले जात. इथून ते परळ, लालबाग, शिवडीच्या गिरण्यांत जात. तिथे त्यांचे सूत आणि सुताचे कापड होई. आणि ते कापड लुगडे वा धोतर होऊन गिरणगावाच्याच अंगावर येई. विरलेले, धुऊन धुऊन मऊ झालेले ते लुगडे अखेर गोधडीत जाई. कापसाच्या ह्या प्रवासाचे पहिले टप्पे इतिहासकारांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने नोंदवले आहेत. गठ्ठे किती आले, चात्या किती फिरल्या, माग किती चालले, ह्यांचे आकडे ग्रंथालयांत आहेत. शेवटचा टप्पा मात्र हिशेबाबाहेर राहिला, कारण तो घराच्या उंबऱ्याआत पार पडत होता आणि तो पार पाडणारे हात बायकांचे होते.

हे काम म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. गोधडी म्हणजे चिंध्यांची थप्पी नव्हे. वरचा पदर, खालचे अस्तर आणि पोटात घातलेले जुने कापड हे सारे सपाट अंथरून, कच्च्या टाक्यांनी बांधून, मग कडेपासून आत धावदोऱ्याच्या ओळी घालीत जावे लागते. स्वतःची गोधडी शिवताना कापडाची निवड आपली असते. दुसऱ्याची पुरी करताना तो अधिकार नसतो. कोणी आईचे नऊवारी आणि त्याबरोबर नवे, एकदाही न धुतलेले अस्तर आणून देते; नवे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि जुने आटत नाही, म्हणून ते आधी भिजवून वाळवून घ्यावे लागते. कोणाच्या जोडलेल्या तुकड्यांच्या कडा कमीजास्त असतात; तशीच शिवली तर मध्ये झोळ येतो आणि कोपऱ्यांत चुण्या पडतात. कोणाच्या आजीने अर्ध्यापर्यंत टाके घातलेले असतात आणि मग दृष्टी गेली, किंवा ती स्वतःच गेली. अशा गोधडीत जुने टाके न उसवता, त्यांच्याच अंतराने आणि त्यांच्याच ओढीने पुढचे टाके घालायचे, की जोड कुठे आहे ते दिसू नये. आपले कौशल्य वापरायचे, पण आपला हात दिसू द्यायचा नाही. ही कारागिरी थोर आहे. आणि ती यशस्वी झाली की अदृश्य होते, हेच तिचे दुर्दैव आहे.

आता थोडे गणित करू. लेखनिक आणि शिक्षक वाचकांना ते पडताळून पाहता येईल. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी एक साधी गोधडी घ्या. म्हणजे ८४ इंच गुणिले ६० इंच. दोन ओळींत एक इंचाचे अंतर ठेवले तर ८४ इंचांच्या ६० ओळी होतात. टाक्यांची एकूण लांबी झाली ५,०४० इंच, म्हणजे ४२० फूट. एका इंचात तीन टाके धरले तर १५,१२० टाके. ओळींतील अंतर अर्ध्या इंचावर आणले की तीच लांबी ८४० फुटांवर जाते आणि टाके ३०,२४० होतात. गोधडी तेवढीच, कापड तेवढेच, श्रम मात्र दुप्पट. आणि तरीही गिऱ्हाईक विचारते, 'एका गोधडीचे किती घ्याल?' हा प्रश्न नगावरचा आहे आणि काम मापाचे आहे. ह्या एका विसंगतीत तिचे नुकसान साठले आहे. 'जरा बारीक घाला हो' हे चार शब्द बोलायला क्षण लागत नाही. त्यांची किंमत पंधरा हजार टाके असते.

हाच धंदा अमेरिकेत कसा चालतो, हे पाहण्याजोगे आहे. तिथे तुकडे जोडून गोधडीचा वरचा पदर तयार करणाऱ्या हौशी स्त्रिया पुष्कळ. पण तीन थर एकत्र शिवण्याचे जड काम अनेकींना झेपत नाही. ते काम घरी यंत्र ठेवून दुसऱ्या स्त्रिया करून देतात. ह्या यंत्राची मान लांब असते. कापड एका मोठ्या चौकटीवर ताणून बसवतात आणि कापड सुईखाली सरकवण्याऐवजी यंत्रच कापडावरून फिरवतात. महत्त्वाची गोष्ट यंत्राची नाही, दराची आहे. ह्या बायका दर नगावर सांगत नाहीत. चौरस इंचावर सांगतात. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच साधी नक्षी असेल तर कमी दर, दाट आणि वेगवेगळी नक्षी असेल तर अधिक. आणखी एक रीत तिथे रुजली आहे. प्रदर्शनात गोधडी मांडली की जोडणारीचे आणि शिवून पुरी करणारीचे अशी दोन्ही नावे लिहितात. अमेरिकेत सारे आलबेल आहे, असे म्हणण्याचा इथे हेतू नाही. अलाबामा राज्यातील गीज बेंड परिसरातील गरीब कृष्णवर्णी स्त्रियांनी १९६६ मध्ये गोधड्यांची सहकारी संस्था उभी केली, आणि न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या परिसरातील गोधड्या मांडल्या गेल्या त्या २००२ मध्ये. कलेचा मान यायला तिथेही एवढा काळ लागला. पण मापावर दर आणि कामावर नाव, ह्या दोन गोष्टी सागरापलीकडच्या म्हणून आपल्याला परक्या ठराव्यात, असे काहीच नाही.

ह्यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, ह्या बायका हे काम फावल्या वेळात करतात. त्याला धंदा म्हणणे ही अतिशयोक्ती आहे. हा आक्षेप सुशिक्षितांच्या तोंडून अधिक ऐकू येतो, म्हणून त्यांच्याच अनुभवातील दाखला देतो. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक ते काम शाळेतले तास सांभाळूनच करतो. पण उत्तरपत्रिकांची संख्या मोजली जाते आणि प्रत्येकीचे मानधन ठरलेले असते. ते फावल्या वेळातले काम आहे म्हणून मंडळाने मानधन देऊ नये, असे कोणी शिक्षक म्हणणार नाही. कचेरीतला लेखनिक सहानंतर थांबला तर जादा कामाचा भत्ता मागतो, आणि तो मागणे न्याय्यच असते. मग दुपारी बारा ते चार, मुले शाळेत असताना, खाली मान घालून टाके घालणाऱ्या बाईचा वेळ तेवढा 'फावला' कसा? वास्तविक तिच्या दिवसात फावला वेळ नसतोच. एका कामातून दुसऱ्या कामासाठी तिने तो काढलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. शेजारधर्मात पैसा आणू नये, असे म्हटले जाते. चाळीत बाळंतपण झाले की दुपटी शिवून द्यायची, मोबदल्यात कधी तांदूळ, कधी नारळ, कधी नुसता शब्द घ्यायचा, ही रीत सुंदर होती आणि जिथे ती टिकून आहे तिथे ती मोडावी असे कोणी सुचवणार नाही. पण भेट म्हणजे काय, हे देणाऱ्याने ठरवायचे असते. घेणाऱ्याने परस्पर ठरवून टाकले की ती भेट राहत नाही. ती वेठ होते. दर ठाऊक असलेली बाई जेव्हा 'तुमच्याकडून काय घ्यायचे?' म्हणते, तेव्हा तिच्या औदार्याला अर्थ येतो. दरच नसेल तर औदार्यही मोजता येत नाही.

घरातल्या कामाला मोल कसे आणता येते, ह्याचे धडे मुंबईनेच घालून दिले आहेत. गिरगावात १९५९ मध्ये सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभी राहिली. तिची खरी युक्ती पापडाच्या चवीत नव्हती, तागडीत होती. पीठ तोलून न्यायचे, पापड तोलून द्यायचे, आणि वजनावर लाटणावळ घ्यायची. मापाने काम घरचे राहिले, पण हिशेब चव्हाट्यावर आला. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराऐवजी बँकेचे दार दाखवले. तोवर त्या बायकाही 'जेवण करून देणाऱ्या' एवढ्याच होत्या. संघटनेने त्यांना धंदेवाईक ठरवले, तेव्हा बँकेलाही त्या दिसू लागल्या.

ह्या इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात पाच कामगारांत साधारण एक स्त्री असे. पुढे रात्रपाळीची बंदी, प्रसूतिलाभाचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती आणि यंत्रांची फेररचना ह्यांमुळे हे प्रमाण घसरत गेले, आणि १९७० च्या दशकापर्यंत गिरणीत स्त्रिया अगदी थोड्या उरल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुरुषांची मजुरी थांबली, ती पुष्कळांच्या बाबतीत कायमची. त्या काळात गिरणगावातील किती घरे बायकांनी शिवण, पापड, डबे आणि मोलकरणीचे काम करून तगवली, हे त्या पिढीला सांगण्याची गरज नाही. संपाची बेरीज-वजाबाकी मांडताना गिरण्यांचे नुकसान सांगितले जाते, कामगारांच्या बुडालेल्या मजुरीचे आकडे सांगितले जातात; त्या काळात ज्यांच्या सुईवर चूल पेटली, त्यांच्या मजुरीचा आकडा कोणी मांडत नाही.

कायदा ह्याबाबत काय म्हणतो? १९४८ च्या किमान वेतन कायद्यात एक दूरदृष्टीची तरतूद होती. ज्याला माल घरी नेऊन तो बनवण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी वा पुरा करण्यासाठी दिला जातो, अशा घरी काम करणाऱ्यालाही तो कायदा कामगार मानीत असे. मात्र तो माल देणाऱ्याच्या धंद्यासाठी, विक्रीसाठी असला पाहिजे, अशी अट होती. ह्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे, पण त्या अटीने दाखवलेला भेद आजही उपयोगी आहे. शेजारीण स्वतःच्या पांघरुणासाठी गोधडी शिवून घेते, तेव्हा दोघींत गिऱ्हाईक आणि कारागीर असे नाते असते. परंतु एखादे दुकान जोडलेले पदर वाटते, पुऱ्या झालेल्या गोधड्या गोळा करते आणि 'हातशिवण' अशी चिठ्ठी लावून विकते, तेव्हा ते नाते मालक-मजुराचे असते. मग ती बाई आपल्या घरी बसून काम करो की कारखान्यात. असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेच्या २००८ च्या कायद्यानेही घरबसल्या काम करणाऱ्यांची व्याख्या केली, आणि साधनसामग्री मालकाने दिली की नाही ह्यावर तिचा हक्क अवलंबून ठेवला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरकामगारांसंबंधी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. व्याख्या आहेत, नोंदणीची सोयही २०२१ पासून ई-श्रमवर झाली आहे. पण नोंदणीचा क्रमांक म्हणजे दर नव्हे. कार्ड मिळाले म्हणून टाक्याचा भाव वाढत नाही.

इथे एक व्यवहारी अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ऊब हीच गरज असेल तर पानिपतची घोंगडी हातशिवणीच्या गोधडीहून कितीतरी स्वस्त पडते. रास्त मजुरी लावली तर गिऱ्हाईक घटेल, ही भीती खोटी नाही. परंतु आईचे लुगडे घेऊन येणारा माणूस ऊब विकत घ्यायला आलेला नसतो. ऊब बाजारात मिळते, हे त्यालाही ठाऊक असते. त्याला हवे असते ते बाजारात मिळत नाही, म्हणूनच तो हिच्या दारात उभा असतो. अशा कामाची तुलना कारखान्यातल्या घोंगडीच्या किमतीशी करणे म्हणजे हस्तलिखिताचे मोल रद्दीच्या भावाने करण्यासारखे आहे. आणि ज्याला खरोखर थंडीसाठीच पांघरूण हवे आहे आणि ज्याच्यापाशी पैसे नाहीत, त्याची सोय लावण्याचा भार ह्या बाईच्या मजुरीवर टाकण्याचे कारण नाही. तो समाजाचा भार आहे.

आता जागेचा प्रश्न. हा शिवडीला सर्वांत जवळचा आहे. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, १९२० च्या दशकात, मुंबई विकास विभागाने ज्या चाळी बांधल्या त्यांपैकी बारा शिवडीत आहेत. खोली साधारण १६० चौरस फुटांची. वर हिशेबासाठी घेतलेली गोधडी अंथरली की ३५ चौरस फूट व्यापते, म्हणजे खोलीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक. कपाट, मोरी, चूल वगळली तर उरलेल्या जमिनीवर माणसाने पाय कुठे ठेवायचा, हाच प्रश्न. म्हणून अशा चाळीत शिवणारी बाई घर रिकामे होण्याची वाट पाहते किंवा खोल्यांमधल्या सामाईक वाटेचा आधार घेते. अमेरिकेतले ते लांब मानेचे यंत्र कोणी फुकट आणून दिले तरी त्याची दहा-बारा फुटांची चौकट ह्या खोलीत मावणार नाही.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील चाळींचा पुनर्विकास सुरू झाला; वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्याही मिळाल्या. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने त्या वाटेवर मागे राहिल्या. शिवडीतून न्हावाशेव्याला जाणारा, सुमारे बावीस किलोमीटरांचा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याच शिवडीतली ही घरे मात्र अजून शंभर वर्षांपूर्वीच्या मापाची आहेत. ती मोठी झालीच पाहिजेत, ह्याबद्दल दुमत नाही. परंतु पुनर्विकासाचे आराखडे माणसाला निव्वळ रहिवासी समजून आखले जातात. त्या घरात कोणी काम करून मिळवते, ही गोष्ट आराखड्यात नसते. उंच इमारतीत सामाईक वाट ही येण्याजाण्याची जागा ठरते. तिथे सतरंजी अंथरून बसणारी बाई अडथळा ठरते. वाहनतळासाठी मजले राखता येतात, मग बायकांच्या कामासाठी प्रत्येक इमारतीत एक मोठी, उजेडाची खोली का राखता येऊ नये? तिथे आळीपाळीने गोधडी अंथरता येईल. जमिनीवर वाकण्याऐवजी उंच फळीवर काम करून कंबर वाचवता येईल. चार-सहा जणींनी मिळून यंत्र घ्यायचे ठरवले तर तेही तिथे बसेल. शिवडीच्या चाळींचा आराखडा कागदावर पक्का व्हायचा आहे, म्हणूनच हे आज सांगायचे.

बाकीच्या गोष्टींसाठी सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. काम घेताना एक चिठ्ठी करावी: गोधडीचे माप, ओळींतील अंतर, ठरलेली मजुरी आणि द्यायचा दिवस. अर्धवट काम सावरायचे असेल, झोळ काढायचा असेल, तर त्याचा वेगळा आकार त्याच चिठ्ठीत लिहावा, कारण दुसऱ्याची चूक निस्तरणे हेही कामच आहे. चाळीतल्या महिला मंडळाने चौरस फुटाचा एक दर ठरवून भिंतीवर लावावा, म्हणजे एकीला दुसरीच्या भावावरून पाडता येणार नाही. आणि गोधडीच्या एका कोपऱ्यात, अस्तराच्या बाजूने, पुरी करणारीचे नाव आणि साल दोऱ्याने घालावे. ज्याने कापड दिले त्याचे ह्यात काही जात नाही. त्याच्या आईचे लुगडे त्याच्या आईचेच राहते.

गोधडी तीन थरांची असते. वरचा थर ज्याच्या घरचा, तो त्याच्या डोळ्यांपुढे असतो. खालच्या थराची ऊब अंगाला कळते. तिघांना एकत्र धरून ठेवणारा दोरा तेवढा कोणाच्या लेखी नसतो. तो तुटला म्हणजेच त्याची आठवण होते. आजवर ह्या शहराने आपल्या बायकांच्या श्रमांकडे असेच पाहिले आहे. तसे पुढेही पाहायचे की टाके मोजायला शिकायचे, एवढाच ह्या प्रश्नाचा अर्थ आहे. आणि मोजणी काही अवघड नाही. चौथीच्या मुलाला येणारा गुणाकार त्याला पुरतो.